इटलीतल्या घराचा गिलावा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर माझं मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. कुणाच्या हातात ही वही पडलीच तर त्यांनी सांभाळून घ्यावं. वही मी काम करते त्या घरातल्या मुलीची आहे. तिने सायन्सची चार पानं लिहून टाकून दिली होती, ती पानं मी फाडली नाहीत, त्यांच्या पुढे लिहिते आहे. तोंडाने मला बोलता येत नाही. चार माणसांत बसले की जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून लिहून ठेवते, निदान झालं कसं ते सरळ राहील.

मी इथे आखातात, सलवा भागात, एका मराठी कुटुंबात राहते. स्वयंपाक, केर, कपडे, सगळं माझ्याकडे. साहेब हिशेबाच्या मोठ्या नोकरीत आहेत, वहिनी घरीच असतात, पुण्याच्या. एक मुलगी आहे, ती माझ्याशी मराठी बोलते पण आई-बापाला इंग्रजीत उत्तर देते. नवरा गेल्यावर माझी मुलगी मी बहिणीपाशी ठेवली आणि इथे आले. निघताना ती तिसरीत होती. तिला मी एकच कबूल केलं होतं, की तुझ्या दहावीच्या वर्षी मी घरी असेन, कायमची. ती हे विसरली नाही. दर फोनला विचारायची, किती महिने राहिले. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, दोन-दोन वर्षांनी वाढतो. शेवटचा जूनमध्ये संपत होता आणि तिची दहावी जूनमध्येच सुरू होणार होती. सगळं बरोबर जुळलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी साहेबांनी इटलीत घर घेतलं. इथे परक्या माणसाला घर विकत घेता येत नाही. साहेब जेवताना नेहमी म्हणायचे, की इथे जन्म काढला तरी चार भिंती आपल्या नावावर होत नाहीत. पुण्यात त्यांचे दोन फ्लॅट आहेत, पण वहिनींना फ्लॅट नको होता, जुनं काहीतरी हवं होतं. मग कॉम्प्युटरवर हे सापडलं. डोंगरावरचं गाव, भोवती दगडी तट, बोळ एवढे अरुंद की गाडी जात नाही, आणि गावाच्या टोकाला हा व्हिला. कितीएक शे वर्षांचा. कुणा जमीनदाराचा होता म्हणे. पन्नास वर्षं कुणी राहिलेलं नव्हतं. छपराला भोकं, जिना खचलेला, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर वरच्या अंगाला द्राक्षांच्या वेलीची रंगवलेली पट्टी. ती पट्टी पाहून वहिनी वेड्या झाल्या. किंमत इथल्या एका मोटारीएवढी. दुरुस्तीला किती लागतील ते त्या वेळी कुणी बोललं नाही.

मी ते घर डोळ्याने पाहिलेलं नाही. फ्रिजच्या दारावर त्याचे फोटो लावले होते, दूध काढताना दिसायचे. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, नाश्ता झाला की साहेब मोठ्या टीव्हीवर तिथल्या गवंड्याला फोन लावायचे. गवंडी म्हातारा होता, पांढऱ्या मिशा, डोक्याला वर्तमानपत्राची टोपी. मोडकं इंग्रजी बोलायचा. तो हातात मोबाइल घेऊन खोल्या-खोल्यांतून फिरायचा आणि आमच्याकडे तिघं सोफ्यावर बसून बघायची. मी चहा घेऊन जायचे, कप उचलायला जायचे, आणि खरं सांगायचं तर उगीचच दोन-दोनदा जायचे.

कारण भिंती मला कळत होत्या. माझे वडील चुन्याचे कारागीर. रायगडच्या किनाऱ्याला आमचं गाव, तिथे शिंपले भाजून चुना करायचे. जुनी देवळं, दर्गे, किल्ल्यातली पाण्याची टाकी, कुठेही डागडुजी निघाली की वडिलांना बोलावणं यायचं. चुना विझवायचा, पाण्याखाली महिनोन्महिने मुरू द्यायचा, मग वाळू आणि विटेची पूड घालून घाण्यात रेड्याकडून मळून घ्यायचा. त्यात हिरड्याचं पाणी आणि गूळ पडायचा. हिरडे कुटून भिजत घालायचं काम माझं. चौथीची परीक्षा झाली आणि पुढे शाळेत जायच्या ऐवजी मी कुटायलाच बसले. माझी शाळा चुन्याने सोडवली, म्हणून चुन्याचं मला थोडंफार कळतं.

त्या व्हिलाच्या एका भिंतीला आधीच्या कुणीतरी सिमेंट फासलं होतं. खाली ओल, वर पोपडे. भिंत जुनी चुन्याची आणि वर सिमेंट, म्हणजे ओल आत कोंडणारच. गवंडी तेच सांगत होता. सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करायला लागेल, पण भिंत फार कच्ची आहे, धरेल की नाही शंका आहे, असं म्हणत होता. साहेब वैतागले होते. मी कप उचलत होते. काय झालं मला माहीत नाही, तोंडातून निघून गेलं, "गूळ आणि हिरडा घातला की धरतो."

तिघांनी वळून पाहिलं. सहा वर्षांत त्या खोलीत मी 'साखर देऊ का' याशिवाय काही बोलले नव्हते. वहिनींना हसू आलं, पण चांगलं हसू. त्यांनी मला बस म्हटलं, मी उभीच राहिले. मुलीने ते गवंड्याला इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्याची आजी चुन्यात दूध घालायची, म्हणाला, आणि बोलणारीला दाखवा म्हणाला. मुलीने फोन माझ्याकडे फिरवला. मी पदर तोंडावर घेतला आणि आत पळाले. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. वडिलांचं नाव कुणीतरी एवढ्या लांब घेतल्यासारखं वाटत होतं. तो दिवस चांगला गेला. हेही लिहून ठेवायला हवं.

पुढच्या शुक्रवारी गवंड्याने विचारलं, तुमच्याकडे चुना किती दिवस मुरवतात. मी दाराआडून सांगितलं, चार महिने तरी, वर्ष झालं तर उत्तम, आणि गूळ घमेल्याला मुठीएवढाच. साहेबांनी हात हलवला. त्यांना एप्रिलमध्ये तिथे मित्रांना बोलवायचं होतं, विमानाची तिकिटं निघाली होती. ते गवंड्याला म्हणाले, पिशवीत तयार चुना मिळतो तो वापर, डिसेंबरच्या आत भिंत झाली पाहिजे. मुलगी म्हणाली, "शी सेड फोर मन्थ्स, बाबा."

"ते खेडेगावात गं," साहेब म्हणाले. "त्यांना वेळच वेळ असतो."

मी तेव्हा पुढे येऊन सांगायला हवं होतं, की नाही, न मुरलेल्या चुन्यात हे घालू नका, त्यापेक्षा काहीच घालू नका. दाराची चौकट धरून उभी होते. नाही सांगितलं.

गूळ आणि हिरडे सालमियाच्या भारतीय दुकानातून आणले. ते वहिनींनी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. शुक्रवारी त्यांच्या मैत्रिणी जमायच्या, त्यांच्यापुढे मला उभं करून 'ही आमची आर्किटेक्ट' म्हणायच्या. एकजण म्हणाली, भिंतीला गूळ घातलाय तर पाहुण्यांनी भिंत चाटायची का. सगळ्या हसल्या, मीही हसले. साहेब ऑक्टोबरात तिकडे गेले तेव्हा बॅगेत पाच किलो गूळ होता. कस्टमवाल्याने हुंगून पाहिला म्हणे. किती घालायचा ते मी सांगितलं होतं, किती घातला ते मला माहीत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी गिलावा झाला. टीव्हीवर भिंत सुंदर दिसत होती, दुधाच्या सायीसारखी. वरची द्राक्षांची पट्टी पुसून स्वच्छ केली होती, पानं हिरवी दिसत होती. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्या दिवशी मला त्यांची एक साडी दिली.

मग तिथे थंडी पडली. पाणी गोठलं, बर्फ पडला. फेब्रुवारीत गवंड्याचा फोन आला, शुक्रवार नसताना. भिंत फुगली होती. दोन दिवसांनी अर्धा गिलावा खाली आला आणि येताना वेलीच्या पट्टीचा हातभर तुकडा घेऊन आला. टीव्हीवर गवंड्याने जमिनीवरचा ढीग दाखवला. त्यात हिरवं पान दिसत होतं, उलटं पडलेलं.

थंडीचं मला माहीत नव्हतं. आमच्या किनाऱ्याला पाणी गोठत नाही. बर्फात गिलावा करू नये हे माझ्या वडिलांनाही माहीत नसणार, त्यांनी बर्फ कधी पाहिलाच नव्हता. एवढी चूक माझी. चुना मुरला नव्हता ती चूक माझी नाही. गूळ किती पडला ते देव जाणे. मी पुष्कळदा भाजी चिरताना वाटे करत बसते, माझा वाटा किती, साहेबांचा किती, थंडीचा किती. जमत नाही.

साहेब माझ्याशी बोलायचे बंद झाले. मी वाढलं तर ते ताटाकडे पाहायचे. मैत्रिणींतली ती गुळवाली फोनवर हसत असावी, कारण वहिनी म्हणत होत्या, जाऊ दे ना आता, कशाला काढतेस. चौथ्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात आल्या. मी पोळ्या लाटत होते. त्या म्हणाल्या, पट्टी दुरुस्त करायला वेगळा माणूस येणार, गिलावा काढायचा, परत करायचा, सगळा खर्च दुप्पट. साहेब त्यांच्यावर चिडले आहेत, बायकांचं ऐकून भिंत घालवली म्हणतात. त्या रडवेल्या झाल्या होत्या. मला त्यांचं वाईट वाटलं. मी म्हटलं, "वहिनी, माझ्यामुळे झालं असेल तर माझ्या पगारातून कापून घ्या."

इथे थांबून सांगायला हवं. लहानपणी माझ्या हातून शेजारणीचा मातीचा हंडा फुटला होता. आईने घरात होते नव्हते ते पैसे माझ्या मुठीत दिले आणि पाठवलं. शेजारणीने माझी मूठ तशीच दाबून बंद केली, हंड्याचे पैसे घेतात का गं, म्हणाली, आणि वर फणसाचे चार गरे देऊन परत धाडलं. घरी आईने विचारलं नाही की पैसे परत का आणलेस. तिला ठाऊक होतं. पैसे द्यायला जायचं हे आमचं काम, न घेणं हे तिचं काम. दोघींनी आपापलं केलं की हंडा विसरायचा. आमच्याकडे असंच चालतं, आणि मला वाटलं सगळीकडे असंच चालतं. वहिनी म्हणतील, वेडी का तू. मग मी डोळे पुसेन, त्या आत जातील, आणि भिंत विसरायची.

वहिनींनी डोळे टिपले. मग म्हणाल्या, "तू स्वतःच म्हणतेस तर... साहेबांनाही जरा बरं वाटेल."

तव्यावरची पोळी जळली. ती मी खाल्ली.

संध्याकाळपर्यंत आकडा ठरला. सगळा खर्च फार मोठा होता, तेवढा काही माझ्याकडून घेणार नव्हते. पाचशे दिनार फक्त. पगार एकशे दहा, त्यातून दर महिन्याला पंचवीस. वहिनी म्हणाल्या, तुला जड जाऊ नये म्हणून थोडे-थोडे. वीस महिने होतात हे मी बोटांवर मोजलं. तेवढं गणित चौथीतही शिकवतात.

दुसऱ्या दिवशी मला सांगायचं होतं, की मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं. वाक्य मी मोरीत दहा वेळा म्हणून पाहिलं. पण ते कसं म्हणायचं? मी पैसे देते म्हटलं ते खोटं होतं असं म्हणायचं? मग मी खोटारडी. आणि मी खोटं बोलले नव्हते, खरंही बोलले नव्हते. असल्या बोलण्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

जूनमध्ये इकामा संपत होता. मी वहिनींना म्हटलं, मला मुलीच्या दहावीला घरी जायचं आहे. त्या म्हणाल्या, जा ना, कोण अडवतंय, राहिलेले एकदम देऊन जा, नाहीतर इकामा वाढवू, हळूहळू फिटतील. राहिलेले चारशेच्या वर होते. माझ्याकडचे पैसे सगळे मुलीच्या शिकवणीला आणि बहिणीच्या घरखर्चाला गेलेले. साहेबांच्या माणसाने फॉर्म आणला, मी सही केली. सही मला छान येते.

मुलीला फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, म्हणजे तू त्यांच्या भिंतीचे पैसे देतेस?"

मी हो म्हटलं.

"मग भिंत आपली झाली की. फोटो पाठव, मैत्रिणींना दाखवते."

तिने ते हसत म्हटलं, पण पुढच्या फोनला ती किती महिने राहिले असं विचारलं नाही. त्यानंतर कधीच नाही विचारलं. मी आपणहून सांगायचे, आता सोळा, आता पंधरा. ती बरं म्हणायची.

वहिनी वाईट नाहीत. हे मी भीतीने लिहीत नाही. त्या महिन्याच्या एक तारखेला पाकीट द्यायच्या, पंचाऐंशी दिनारांचं, आणि दर वेळी विचारायच्या, मुलीचा अभ्यास कसा चाललाय. दिवाळीला मला दहा दिनार वेगळे दिले, ड्रेसचं कापड दिलं, आणि पगारातून पंचवीस कापले. एकाच दिवशी. मला ताप आला तेव्हा स्वतः गाडीतून दवाखान्यात घेऊन गेल्या. या दोन गोष्टी एका माणसात कशा बसतात हे मला अजून नीट समजलेलं नाही. शुक्रवारी त्या अम्गऱ्याच्या भंगारबाजारात जुन्या लोखंडी जाळ्या शोधायला जायच्या, व्हिलाच्या खिडक्यांना लावायला. जुन्या वस्तूंवर त्यांचा फार जीव.

म्हाताऱ्या गवंड्याला काढून टाकलं. त्याचं काय झालं कळलं नाही. त्याच्यावर किती पैसे बसवले तेही कळलं नाही. दुसरा आला, तरुण, चष्मेवाला, इंग्रजी फाडफाड. एका शुक्रवारी त्याने अंगणात एक खड्डा दाखवला, वर फळ्या, आत पाण्याखाली चुना. तो म्हणाला, हा आमचा चुना, वर्षभर मुरलेला, आम्ही पिशवीतला वापरत नाही, आणि थंडीत काम करत नाही, वसंत येईपर्यंत थांबायचं. साहेब मान डोलवत होते. अर्थात, अर्थात, म्हणत होते. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, मावशी सेड एक्झॅक्टली दॅट."

"हो, पण तिने गूळ सांगितला होता," साहेब म्हणाले, आणि गवंड्याला विचारलं, वसंत म्हणजे मार्च का एप्रिल.

वहिनी चहात साखर ढवळत राहिल्या. साखर केव्हाच विरघळली होती. त्या दिवशी मला वाटलं की आज त्या आत येतील आणि म्हणतील, राहू दे आता ते पैसे. संध्याकाळी त्या आत आल्या. रात्री मुगाची खिचडी कर, म्हणाल्या.

माझ्या मुलीने दहावी दिली. पास झाली, बरे मार्क मिळाले. पेपरांच्या दिवसांत तिला डबा बहिणीने दिला. निकालाचे पेढे बहिणीने वाटले. मी फोनवर पाहिले, पेढ्याचा पुडा कॅमेऱ्यापुढे धरून तिने मला दाखवला. आता ती अकरावीला तालुक्याला जाते. फोनवर घाईत असते. तिचा राग नाही, तिला आता माझी सवय उरलेली नाही, एवढंच.

व्हिला झाला. मेमध्ये वहिनी-साहेब मित्रांना घेऊन गेले. आल्यावर सगळ्यांनी फोटो पाहिले. भिंत चांगली झाली आहे. वेलीचा तुटलेला तुकडा नव्याने रंगवलाय, पण त्याची पानं जास्त हिरवी आहेत, मला लगेच ओळखू आलं. कुणाला बोलले नाही.

विसावा महिना या नोव्हेंबरात आला. एक तारखेला वहिनींनी पाकीट दिलं आणि म्हणाल्या, झालं बाई, आज सगळं फिटलं, पुढच्या महिन्यापासून पूर्ण पगार. त्या खरंच खूश होत्या. मी पाकीट ओट्यावर ठेवलं. मी म्हटलं, मला कागदावर लिहून द्या, मराठीत.

वहिनींचं तोंड उतरलं. "एवढी वर्षं राहिलीस आणि माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"आहे," मी म्हटलं. "तरी लिहून द्या."

त्यांनी फ्रिजवरचं वाणसामानाच्या यादीचं पॅड ओढलं आणि पेन घेतलं. अक्षर त्यांचं सुरेख, गोल, मला ते उभ्या-उभ्याच वाचता आलं. त्यांनी लिहिलं, की पगारातून घेतलेली पाचशे दिनारांची उचल पूर्ण फिटली.

"उचल नव्हती वहिनी," मी म्हटलं. "मी काही घेतलं नव्हतं. गिलावा लिहा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पायांकडे पाहिलं नाही, पहिल्यांदाच. बाहेर मुलीचा टीव्ही चालू होता. वहिनींनी तो कागद फाडला, दुसरा घेतला आणि लिहिलं, इटलीच्या घराच्या गिलाव्याच्या नुकसानीबद्दल हिच्याकडून पाचशे दिनार घेतले, ते पूर्ण मिळाले. तारीख घातली. खाली सही केली.